बडनेऱ्याहून एका दिवसात किल्ला : रेल्वेचा कोणता मार्ग निवडावा?

मुंबई-नागपूर लोहमार्गावर मुंबईपासून ६६२ किलोमीटर अंतरावर असलेले बडनेरा जंक्शन बहुतेक प्रवाशांच्या लेखी केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण आहे. अमरावतीकरांना मुंबई, पुणे, कोलकाता गाठायचे असले की बडनेऱ्यास येणे भाग पडते आणि तेथून परतताना फलाटावर घटकाभर थांबणेही ठरलेले. पण वऱ्हाडातील किल्ले रेल्वेने पाहू इच्छिणाऱ्यास याहून सोयीचे ठाणे नाही. पश्चिमेस अकोला-भुसावळ, पूर्वेस वर्धा-नागपूर, उत्तरेस अमरावतीची शाखा आणि चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या गावांवरून नरखेडला जाणारा मार्ग असे फाटे येथून निघतात. गाविलगड, नरनाळा आणि बाळापूर हे वऱ्हाडचे तीन मुख्य किल्ले यांपैकी कोणत्या ना कोणत्या फाट्याच्या टप्प्यात येतात. प्रश्न एवढाच की, सकाळी निघून रात्री घरी परतायचे असेल तर यांपैकी कोणता किल्ला आणि कोणता मार्ग धरावा?

सामान्यतः नकाशा उघडून किल्ल्याला सर्वांत जवळचे स्थानक शोधण्याचा प्रघात आहे. वऱ्हाडात ही रीत हमखास फसवते. जवळच्या स्थानकावर वेगवान गाड्या थांबत नाहीत, थांबल्याच तर बाहेर वाहन मिळत नाही, आणि सकाळी तेथे पोहोचवणारी गाडी असली तरी संध्याकाळी परत आणणारी असेलच असे नाही. म्हणून एक दिवसाच्या सहलीचा हिशेब उलटा मांडावा. आधी परतीची गाडी निश्चित करावी, तिच्या एक तास आधी मोठ्या स्थानकावर पोहोचता येईल अशी बस पाहावी, तेथून मागे मोजत किल्ल्यावर किती वेळ मिळतो ते काढावे, आणि सर्वांत शेवटी सकाळी जाण्याची गाडी ठरवावी. या कसोटीवर तिन्ही किल्ले घासून पाहिले की चित्र बरेच बदलते.

वेळापत्रकाचा कल

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. अमरावती ही कापसाची मोठी बाजारपेठ असूनही मुख्य मार्ग तिला वळसा घालून बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीला नंतर शाखेने जोडण्यात आले. मार्गाची आखणी मुंबईकडे तोंड करून झाली आणि गाड्यांच्या वेळाही बहुतांशी मुंबईच्याच सोयीने ठरत गेल्या. मुंबईस जाणारा वैदर्भीय प्रवासी रात्रीच्या प्रवासाला पसंती देतो. त्यामुळे विदर्भ, अमरावती, सेवाग्राम यांसारख्या गाड्या संध्याकाळी वा रात्री पश्चिमेकडे निघतात आणि पहाटे किंवा सकाळी पूर्वेकडे परत येतात.

सहलीला निघणाऱ्याची गरज नेमकी याच्या उलट असते. त्याला सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याकडे, म्हणजे पश्चिमेस, जायचे असते आणि संध्याकाळी पूर्वेस परतायचे असते. सकाळच्या वेळी पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच हावड्याकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या असतात. अशा गाडीला दीड-दोन तासांचा उशीर होणे नवलाचे नाही, आणि एक दिवसाच्या सहलीत दोन तास गेले तर किल्ल्यावरचा निम्मा वेळ गेला असे समजावे. यावर उपाय एकच, तो म्हणजे अमरावती, बडनेरा किंवा फार तर वर्धा-नागपूर येथून सुटणारी गाडी धरणे. ती थोडी धिमी असली तरी चालेल. तिचा उशीर मिनिटांत मोजला जातो, हावड्याच्या गाडीचा तासांत. वेळा वरचेवर बदलत असल्याने येथे त्या देणे टाळले आहे. रेल्वेच्या चौकशी सेवेवर गाडीची आदल्या दिवशीची प्रत्यक्ष धाव पाहता येते. तीन-चार दिवसांची धाव पाहिली की गाडीचा स्वभाव कळतो.

गाविलगड : सर्वांत जवळचा, पण रेल्वेचा नाही

अमरावती जिल्ह्यात राहणाऱ्याच्या मनात पहिले नाव येते ते गाविलगडाचे. चिखलदऱ्याच्या पठारालगतचा हा गिरिदुर्ग बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाचे शिल्प आजही पाहणाऱ्याला थांबवते. १५ डिसेंबर १८०३ रोजी जनरल ऑर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्या वेळी किल्ल्याच्या उत्तर बाजूस तोफा आणण्यासाठी डोंगरातून रस्ता काढावा लागला होता. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

गाविलगडापर्यंत रेल्वे कधीच पोहोचली नाही, पण पायथ्याच्या प्रदेशापर्यंत ती आली होती. बडनेऱ्याहून मुंबईकडे ४१ किलोमीटरवर मूर्तिजापूर लागते. तेथून एक नॅरोगेज मार्ग उत्तरेस अचलपूरला आणि दुसरा दक्षिणेस यवतमाळला जात असे. वऱ्हाडात हिचे नाव ‘शकुंतला’. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे मार्ग घातले. रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूर-अचलपूर हे अंतर ७६ किलोमीटर, वाटेत दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले, तरी गाडीचा वेग फारसा वाढला नाही. ७६ किलोमीटरला चार तास म्हणजे सायकलस्वारासही फार मागे टाकता न येणारी गती. शकुंतला आता बंद आहे. ब्रॉडगेजच्या रूपांतराच्या घोषणा झाल्या, मागणीसाठी आंदोलनेही झाली. परंतु प्रवाशाने आजच्या घडीला अचलपूरची गाडी हिशेबात धरू नये.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. शकुंतला चालू होती तेव्हाही एक दिवसात गाविलगड तिच्या आधारे होत नसे. बडनेरा-मूर्तिजापूर, मूर्तिजापूर-अचलपूर आणि पुढे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, एवढ्यात दिवस मावळे. शकुंतलेचे खरे मोल सहलीसाठी नव्हते. दर्यापूर-अंजनगावच्या शेतकऱ्याला, मजुराला आणि शाळकरी मुलाला एसटीच्या निम्म्याहून कमी भाड्यात तालुक्याच्या गावी नेणारी ती गाडी होती. तिच्याविषयीची हळहळ रास्त आहे. मात्र ‘गाडी असती तर गाविलगड सोपा झाला असता’ हे म्हणणे तितकेसे खरे नाही.

नरखेड मार्गाने काही सोय होते का, असाही प्रश्न वाचकांच्या मनात येईल. या मार्गावरील चांदूर बाजार हे स्थानक अचलपूर-परतवाडा या जोडशहरांना आता सर्वांत जवळचे आहे. तरीही तेथे उतरून परतवाड्याची बस, पुन्हा तेथून चिखलदऱ्याची बस, असे दोन बदल करावे लागतात आणि या मार्गावरील गाड्याही मोजक्याच. उलट अमरावतीच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्यास थेट एसटी जाते. तेव्हा गाविलगडासाठी रेल्वेचा विचार सोडून सरळ एसटी धरावी, हाच सल्ला योग्य. बडनेऱ्याहून अमरावती दहा किलोमीटरच्या आत आहे. शक्य असल्यास चिखलदऱ्यास मुक्काम करावा. एवढा विस्तीर्ण किल्ला धावतपळत पाहण्याजोगा नाही.

नरनाळा : गाडी आली, पण जोड जुळत नाही

अकोट तालुक्यात सातपुड्याच्या दक्षिण कडेवर नरनाळा उभा आहे. मधला नरनाळा आणि दोन बाजूंचे जाफराबाद व तेलियागड अशी किल्ल्याची तीन अंगे आहेत. महाकाली दरवाजा हे येथील खरे वैभव. पांढुरक्या दगडातील कमळे, नाजूक जाळीच्या गवाक्षांचे सज्जे आणि अरबी अक्षरांतील लेख यांनी नटलेला हा दरवाजा १४८७ साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. त्या वेळी तो बहमनी सुलतानाचा वऱ्हाडचा सुभेदार होता आणि तीनच वर्षांनी स्वतंत्र झाला. अकबराच्या काळात नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. तेथून जवळच अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि मग तो गाविलगडाकडे वळला.

या किल्ल्याला अकोट हे स्थानक. अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग एकेकाळी उत्तर आणि दक्षिण भारताचे मीटरगेज जाळे जोडणारा दुवा होता. जयपूरहून काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने सातपुडा ओलांडत असे. धुळघाटजवळ चढ कमी करण्यासाठी रूळ स्वतःच्याच डोक्यावरून वळसा घेत. ते वळण पाहण्यासाठी प्रवासी दाराशी गर्दी करत. रुंदीकरणासाठी अकोला-अकोट टप्पा २०१७ च्या आरंभी बंद झाला. अकोटपुढचा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून जात असल्याने तो तसाच रुंद करण्यास वन्यजीवप्रेमींनी आणि पुढे राज्य सरकारनेही विरोध केला, आणि वळणमार्गाचा विचार पुढे आला. अकोला ते अकोट हा ४४ किलोमीटरचा ब्रॉडगेज टप्पा मात्र पुरा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. जवळजवळ सहा वर्षे अकोटकर रेल्वेविना होते, आणि या काळात अकोट-अकोला रस्त्याने त्यांची काय दैना केली हे त्या भागातील वाचकांस सांगणे नको.

गाडी आल्याने नरनाळा बडनेऱ्याच्या टप्प्यात आला काय? कागदावर होय. बडनेरा-अकोला ७९ किलोमीटर, अकोला-अकोट ४४ किलोमीटर आणि अकोटहून शहानूर गावामार्गे किल्ला सुमारे २० किलोमीटर. परंतु अकोटच्या फेऱ्या थोड्या, आणि त्या अकोल्यास कामाला येणाऱ्या अकोटकरांच्या सोयीच्या. बडनेऱ्याहून सकाळी येणाऱ्याची आणि या गाडीची जोड क्वचितच जुळते. अकोल्याहून अकोटला एसटी बस मुबलक आहेत, म्हणून गेल्यास अकोल्यापुढे एसटीने जावे. खरी अडचण शेवटच्या वीस किलोमीटरांची आहे. शहानूरला जाणाऱ्या बस थोड्या, किल्ला अभयारण्याच्या हद्दीत असल्याने शहानूरच्या फाटकावर वनविभागाकडे नोंद करून प्रवेशशुल्क भरावे लागते, आणि दिवस कलण्याआधी जंगलातून बाहेर पडावे लागते. अकोटहून स्वतंत्र वाहन ठरवले तरच दिवसात जमते. चार-पाच जणांच्या गटास हे परवडेल. एकट्याने किंवा दोघांनी जायचे असल्यास आदल्या रात्री अकोल्यास मुक्काम करून पहिल्या बसने निघावे. पावसाळ्याच्या दिवसांत फाटक उघडे असते किंवा नाही, हे वनविभागाकडून आधीच विचारून घ्यावे.

बाळापूर : दिवसात होणारा किल्ला

उरला बाळापूरचा भुईकोट. गाविलगड-नरनाळ्याच्या तुलनेत याला पर्यटक कमी विचारतात. चढण नाही, जंगल नाही, भोवती भरवस्तीचे गाव, म्हणून गिर्यारोहकांचे गट इकडे वळत नाहीत. वास्तविक युरोपातील सरदारांच्या गढ्यांची चित्रे पाहून ‘किल्ला’ म्हणजे काय याची ज्यांची कल्पना बनली आहे, त्यांना तिच्याशी सर्वांत मिळतेजुळते रूप वऱ्हाडात येथेच दिसेल. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळच्या उंचवट्यावर उत्तम भाजलेल्या विटांच्या उंच भिंती, कोपऱ्याकोपऱ्यावर भरभक्कम बुरूज, बाहेरून वेढणारी दुसरी ठेंगणी तटबंदी आणि वळणे घेत आत नेणारे एकामागून एक दरवाजे. नद्यांना मोठा पूर आला की किल्ला जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढला जाई, असे जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये नमूद आहे.

औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने या किल्ल्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ साली पूर्ण केले, अशी मान्यता आहे. दगडाच्या महाराष्ट्रात हे वीटकाम लक्षणीय ठरते. विटांचे थर इतके नेटके आहेत की अडीचशेहून अधिक पावसाळ्यांनंतरही कित्येक ठिकाणी सांधा ओळखू येत नाही. किल्ल्यात अनेक वर्षे सरकारी कचेऱ्या होत्या. त्यामुळे वास्तू राबती राहिली, आणि त्याच कारणाने आतील मूळ बांधकामाचा बराच भाग ओळखण्यापलीकडे बदलला. तटावर झुडपे रुजली आहेत, त्यांची मुळे विटांच्या सांध्यांत उतरतात. दगडी किल्ल्यास जे नुकसान व्हायला शतक लागते ते विटेच्या भिंतीस वीस-पंचवीस वर्षांत होते. हा किल्ला लवकर पाहून घ्यावा, असे म्हणण्यामागे हे कारण आहे. किल्ल्याखाली दक्षिण अंगास बाळादेवीचे मंदिर आहे आणि गावाचे नाव तिच्यावरून पडले, असे मानतात.

इतिहासात बाळापूरचे नाव एका निर्णायक लढाईने कोरले गेले. ऑगस्ट १७२० मध्ये निजाम-उल-मुल्क याने येथे सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अलीखान याचा पराभव केला. आलम अली रणांगणावर पडला, सय्यदांचे दख्खनवरील वर्चस्व संपले आणि चारच वर्षांनी साखरखेर्ड्याच्या विजयाने निजामाचे दख्खनमधील राज्य पक्के झाले. हैदराबादच्या आसफजाही घराण्याची पायाभरणी वऱ्हाडच्या या काळ्या मातीत झाली, हे अनेकांच्या ध्यानात नसते. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री आहे. पुरंदरचा तह करणारे हेच ते जयसिंग. १६६७ साली बऱ्हाणपुरास त्यांचे निधन झाले. छत्रीच्या कमानी आणि नक्षीदार स्तंभ संध्याकाळच्या उन्हात विशेष खुलतात, पण परतीची गाडी गाठायची असल्याने आपल्याला त्या दुपारीच पाहाव्या लागतील.

पारस, अकोला की शेगाव?

बाळापूरला रेल्वे नाही, मात्र तीन स्थानकांवरून तेथे जाता येते आणि निवडीचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो.

नकाशावर सर्वांत जवळचे स्थानक पारस. अकोल्याच्या पुढे, औष्णिक विद्युत केंद्रासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावापासून बाळापूर दहाएक किलोमीटर. जुन्या प्रवासवर्णनांत आणि गॅझेटिअरमध्ये बाळापूरचे स्थानक म्हणून पारसचाच उल्लेख सापडतो, आणि बैलगाडीच्या काळात ते बरोबरच होते. आज मात्र पारसला बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. सकाळची पॅसेंजर साधली तर जाता येईल. पण परतताना बाळापूरहून पारसला वाहन मिळवणे, तेथे धिम्या गाडीची वाट पाहणे आणि ती चुकली तर दुसरा पर्याय नसणे, हा धोका कशासाठी पत्करावा? वीज केंद्राच्या पाळ्यांच्या वेळा सोडल्या तर स्थानकाबाहेर रिक्षा मिळण्याचाही भरवसा नसतो. रेल्वेचे किलोमीटर वाढवून रस्त्याचे कमी करण्याचा हा सौदा तोट्याचा आहे.

अकोला हे स्थानक बाळापूरपासून सुमारे २६ किलोमीटर, म्हणजे पारसच्या अडीचपट दूर. तरीही बहुतेकांसाठी हाच मार्ग योग्य ठरतो. बडनेऱ्याहून जलद गाडी सव्वा तासाच्या आसपास अकोल्यास पोहोचवते. या मार्गावर थांबणाऱ्या जवळजवळ सर्व गाड्या अकोल्यास थांबतात. स्थानकावरून रिक्षाने बसस्थानक गाठले की खामगाव, बुलढाणा, शेगावकडे जाणाऱ्या एसटी गाड्या बाळापूरवरूनच पुढे जातात आणि पाऊण तासात सोडतात. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांक धारण केलेला रस्ता गावालगतच जातो. बडनेऱ्याहून आठच्या आसपास निघालेला प्रवासी अकराच्या सुमारास किल्ल्याच्या दारात असतो. किल्ला, मंदिर आणि छत्री यांना तीन तास पुरतात. दुपारी अडीच-तीनला बस धरल्यास चारपर्यंत अकोला. गाडीला अवकाश असेल तर मोर्णाकाठच्या असदगडाचा, म्हणजे अकोल्याच्या स्वतःच्या किल्ल्याचा, उरलेला बुरूज-तट पाहून घ्यावा. औरंगजेबाच्या कारकिर्दीत या परगण्याची जहागीर ज्या असदखानाकडे होती त्याचे नाव या किल्ल्यास मिळाले आहे. अकोल्यात राहणारेही त्याकडे क्वचित फिरकतात.

तिसरा मार्ग शेगावचा. बडनेऱ्याहून ११५ किलोमीटरवरील शेगावास गजानन महाराजांच्या दर्शनासाठी जाणारी कुटुंबे वर्षभर असतात. तेथून बाळापूर रस्त्याने वीसेक किलोमीटर. ज्यांना दर्शनही घ्यायचे आहे त्यांनी पहाटेच्या गाडीने शेगाव गाठावे, दर्शन उरकून दुपारी बाळापूर पाहावे आणि परतीला शेगावला न जाता अकोल्यास येऊन पूर्वेकडची गाडी धरावी. यात एकाच रस्त्याने दोनदा जावे लागत नाही आणि परतीच्या वेळी अकोल्यासारखे मोठे स्थानक हाती राहते. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन आणि ऋषिपंचमीच्या सुमारास मात्र हा बेत आखू नये. त्या दिवसांत दर्शनाच्या रांगेतच किल्ल्याचा वेळ जाईल. केवळ किल्ल्यासाठी निघालेल्याने अकोल्यानेच जावे व यावे.

असीरगडाचा उल्लेख ओघाने आलाच. भुसावळला गाडी बदलून बऱ्हाणपूर आणि तेथून रस्त्याने वीस किलोमीटर असा हा मार्ग आहे. अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतलेला हा किल्ला अवश्य पाहावा, पण बडनेऱ्याहून भुसावळच २१८ किलोमीटर आहे. एका दिवसाच्या यादीतून त्याला वगळावे आणि बऱ्हाणपुरास एक रात्र राहण्याचा बेत करावा.

तिकिटाचे काही नियम

बडनेरा-अकोला या अंतरासाठी आरक्षणाची गरज नाही. मात्र साधे तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही आणि अतिजलद गाडीसाठी तिचा अधिभार भरलेले तिकीट लागते. दोनशे किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत किंवा त्या मार्गावरील पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. त्यामुळे परतीचे तिकीट सकाळीच काढून खिशात ठेवण्यात अर्थ नाही, ते अकोल्यात पोहोचल्यावर काढावे. भ्रमणध्वनीवरूनही ते मिळते. शेगावचे तिकीट काढून वाटेत अकोल्यास उतरणे व दुसऱ्या गाडीने पुढे जाणे नियमात बसत नाही, कारण मध्ये थांबण्याची मुभा पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटावरच असते. प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे घ्यावे.

ऋतूचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि विटांच्या तटावर दुपारी हात ठेववत नाही. पावसाळ्यात बाळापूरच्या नद्या भरलेल्या पाहणे हा वेगळा अनुभव असला, तरी ओल्या तटावर चढण्याचे धाडस करू नये. किल्ल्याच्या आसपास खाण्यापिण्याची सोय साधारण आहे. लहान मुले बरोबर असल्यास डबा आणि पाणी घरूनच न्यावे.

परतीची गाडी चुकलीच, तर अकोल्याच्या फलाटावर रात्र काढण्याची वेळ येत नाही, हाही अकोल्याच्या बाजूने जाणारा मुद्दा आहे. अमरावतीकडे जाणाऱ्या एसटी गाड्या संध्याकाळी उशिरापर्यंत मिळतात. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम नोंदवला गेला होता. त्याआधी या रस्त्याने प्रवास केलेल्यांना त्या विक्रमाचे मोल अधिक कळेल. बसमध्ये बसतानाच वाहकाला गाडी बडनेरा गावातून जाते की बाहेरच्या वळणरस्त्याने सरळ अमरावतीस, हे विचारून घ्यावे. ती बाहेरून जाणारी असल्यास अमरावतीस उतरून शहर बसने किंवा रिक्षाने परत यावे लागेल.